पर्पल मार्टिन लवकर आले आणि थंडी परतली, तर? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पर्पल मार्टिन हा उत्तर अमेरिकेतल्या भिंगरी कुळातला सर्वांत मोठा पक्षी. वजन जेमतेम पन्नास-पंचावन्न ग्रॅम. नर निळसर काळा, उन्हात जांभळा चमकणारा; मादीचं पोट करडं. रॉकी पर्वतांच्या पूर्वेला हा पक्षी आता जवळजवळ सर्वस्वी माणसांनी खांबावर उभारलेल्या खणांच्या घरांत किंवा टांगलेल्या भोपळ्यांत घरटं करतो. असं घर लावणाऱ्याला तिकडे ‘लँडलॉर्ड’च म्हणतात. तिथले मूळ रहिवासी चोक्टॉ आणि चिकसॉ लोक पूर्वीपासून यासाठी जो वाळवलेला भोपळा टांगत, तो आपल्या दुधीच्याच जातीचा. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळाही त्याच जातीचा. ही प्रश्नोत्तरं अमेरिकेत राहणाऱ्या आणि परसात असं घर लावलेल्या किंवा लावू पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहेत.

मार्टिन थंडीने मरतात का?

थंडीने नाही, भुकेने मरतात. बाकीचं सगळं या एका गोष्टीवर अवलंबून आहे. मार्टिन फक्त उडते किडे खातो आणि तेही स्वतः उडता उडता, बऱ्याचदा खूप उंचावर. दाणे खात नाही, फळं खात नाही, जमिनीवर उतरून किडे वेचत नाही. पारा ५० अंश फॅरनहाइटच्या (१० सेल्सियस) खाली गेला की बहुतेक किडे उडायचेच बंद होतात. सोबत झड किंवा जोराचा वारा असेल तर उरलेसुरलेही खाली बसतात. पोट भरलेला मार्टिन थंड रात्र निभावतो. तोच पक्षी सलग काही दिवस उपाशी असला की तीच रात्र त्याला झेपत नाही, कारण अंगातली चरबी उष्णतेसाठी जळून गेलेली असते.

धडधाकट पक्षी दोन-तीन दिवस बिनखाण्याचा तग धरतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मरायला लागतात. प्रवासाने आधीच खंगून आलेल्याला तेवढीही मुदत नसते.

मग इतक्या लवकर येतातच कशाला?

चांगली जागा पटकावायला. जो आधी येतो तो खण निवडतो, आणि ज्याच्याकडे चांगला खण त्याला जोडीदार लवकर मिळते. लवकर येण्यात जीव जाण्याचा धोका आहे, पण उशीर केला तर वीण हुकते. ज्या वर्षी वसंत शहाण्यासारखा वागतो त्या वर्षी लवकर आलेल्यांची चांदी होते, म्हणून ही खोड टिकून आहे. शिवाय हे पक्षी हिवाळा दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलमध्ये काढतात. पेनसिल्व्हेनियात काय हवामान आहे हे तिथून निघताना त्यांना कळायचा मार्ग नाही. आणि परतीचा वेग अफाट असतो. पाठीवर बसवलेल्या अगदी हलक्या नोंदयंत्रामुळे कळलं की एक मादी ब्राझीलहून पेनसिल्व्हेनियापर्यंतचं सुमारे ७,५०० किलोमीटरचं अंतर १३ दिवसांत कापून आली. २००९मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली.

आधी आलेले म्हणजे ‘टेहळे’, ते परत जाऊन बाकीच्यांना घेऊन येतात ना?

नाही. त्यांना ‘स्काउट’ म्हणायची पद्धत आहे, पण ते कुणासाठीही टेहळणी करत नाहीत. ते थव्यातले वयस्क, मुरलेले पक्षी असतात आणि स्वतःसाठी आलेले असतात. दोन दिवस दिसले आणि मग दिसेनासे झाले, तर ‘बाकीच्यांना आणायला गेले’ असं समजून निश्चिंत बसू नका. ते पाण्याकाठी किडे शोधत असतील, किंवा खणात निपचित पडलेले असतील. दुर्बीण लावून दाराकडे बघा.

आमच्याकडे साधारण कधी येतात?

फ्लोरिडात आणि टेक्सासच्या किनाऱ्याला जानेवारीच्या उत्तरार्धात, डॅलसच्या आसपास फेब्रुवारीच्या मध्याला, उत्तर कॅरोलायनात मार्चच्या सुरुवातीला, न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियात मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला, शिकागोकडे एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, मिनेसोटा आणि ओंटारियोत एप्रिलच्या मध्यानंतर. एकोणीस-वीस अंश सेल्सियसची उबदार दुपार पडली म्हणून या तारखा अलीकडे ओढू नका.

दक्षिणेत राहणाऱ्यांना वाटतं की आपल्याला कसली थंडी. १६ फेब्रुवारी २०२१ला डॅलसमध्ये पारा उणे २ अंश फॅरनहाइटपर्यंत (उणे १९ सेल्सियस) उतरला. टेक्सासात तोवर आलेले कितीतरी मार्टिन त्या आठवड्यात मेले.

नेमकं कुठल्या दिवशी खायला घालायला सुरुवात करायची?

हवामानाचा अंदाज बघून ठरवा, पक्ष्यांचे चेहरे बघून नव्हे. दुपारचा सर्वोच्च पाराच ५० फॅरनहाइटच्या खाली राहणार असेल आणि असे सलग दोन दिवस दिसत असतील, तर पहिल्या दिवशी साहित्य बाहेर काढा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागा. पारा ५५ असला तरी दिवसभर संततधार असेल तर तो दिवस उपासाचाच धरा.

पहिल्याच दिवशी प्रयत्न केला तर बहुतेक वेळा पक्षी दुर्लक्ष करतात, कारण अजून पुरेशी भूक नसते. चौथ्या दिवसापर्यंत थांबलात तर त्यांच्यात उडून घास पकडायचं त्राण राहत नाही. दुसरा दिवस आणि तिसऱ्याची सकाळ, यात जे काय ते जमवायचं.

काय खायला घालायचं?

पहिली पसंती रातकिडे, साधारण पाऊण इंची. दुसरी, उकडल्यासारखी कोरडी अंड्याची भुर्जी. तिसरी, मीलवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या. मीलवर्म जिवंत किंवा गोठवलेले चालतात. पाकिटातले वाळवलेले कडकडीत असतात, त्यात पाणी नसतं. उपाशी आणि तहानलेल्या पक्ष्याला ते देऊ नका. मीलवर्ममध्ये कॅल्शियमही कमी असतं, म्हणून एक-दोन दिवस ठीक, आठवडाभर फक्त त्यावर नको.

भात, पोळीचा चुरा, बाजरी, शेव?

नाही. मार्टिनचं पोट धान्यासाठी नाही. ते खाणारही नाहीत. त्या चुऱ्यावर चिमण्या आणि साळुंकीच्या कुळातले स्टार्लिंग मात्र हमखास जमतील. दूध, चीज, कच्चं मांस, कुत्र्याचं खाणं, काही नको.

साठा किती करायचा?

हिशेबासाठी एका पक्ष्याला दिवसाला ३० ते ५० मोठे रातकिडे धरा. सहा पक्षी आणि तीन दिवस म्हटलं तरी आकडा साडेपाचशे ते नऊशेच्या घरात जातो. म्हणून हंगामापूर्वी हजार रातकिडे फ्रीजरमध्ये असावेत. सोबत एक डझन अंडी असली की रातकिड्यांवरचा भार निम्म्याने कमी होतो. एका अंड्याच्या भुर्जीत साधारण चार-पाच पक्ष्यांचं एक वेळचं जेवण होतं. वस्ती मोठी असेल, चाळीस-पन्नास पक्षी, तर नुसत्या रातकिड्यांवर भागवणं खिशाला परवडत नाही. तिथे रातकिडे पक्ष्यांना खायला शिकवण्यापुरते आणि पोट भरायला अंडी, हाच व्यवहार्य मार्ग.

थंडीची लाट जाहीर झाल्यावर मागणी नोंदवली तर काय होतं? त्याच आठवड्यात सगळे लँडलॉर्ड मागवतात, माल संपतो, आणि आलाच तर पार्सल बर्फात अडकतं. डिसेंबर-जानेवारीत मागवून ठेवा.

रातकिडे कुठून आणायचे, कसे ठेवायचे?

पाळीव सरड्यांच्या खाण्यासाठी ते विकले जातात: ऑनलाइन रातकिडा-फार्मकडून, पाळीव प्राण्यांच्या दुकानातून, किंवा मासेमारीच्या आमिषाच्या दुकानातून. जिवंतच येतात. खोकं न उघडता तसंच फ्रीजरमध्ये ठेवा, एका रात्रीत गोठतात. मग अंड्याच्या ट्रेचे पुठ्ठे आणि कचरा झटकून, पन्नास-पन्नासच्या झिपच्या पिशव्या करा. सगळे एकाच पिशवीत भरले तर ढेकूळ होतं, आणि ऐन वेळी पन्नास हवे असताना पाचशे वितळवावे लागतात.

वापरण्याआधी पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वीसेक मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्ह नको, फुटतात आणि वास घरभर. वितळल्यावर ओले झाले तर पेपर नॅपकिनवर पसरून कोरडे करा, नाहीतर चमच्याला चिकटतात आणि नेम चुकतो. बाहेर पारा शून्य सेल्सियसच्या खाली असेल तर पिशवी कोटाच्या आतल्या खिशात ठेवून दहा-दहा बाहेर काढा.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांनी रातकिडे हाताळताना हातमोजे घालावेत. दोन्हींतली प्रथिनं सारखी असतात, त्रास होऊ शकतो.

भुर्जी म्हणजे आपली नेहमीची?

आपली नव्हे. कांदा, मिरची, हळद, मीठ, तेल, तूप, दूध, यातलं काहीही नाही. नॉनस्टिक तव्यावर मंद आचेवर फेटलेली अंडी घाला आणि हलवत राहा. पाणी पूर्ण आटून गोळे सुटे व्हायला हवेत. बोटाने दाबल्यावर ओल लागता कामा नये. ओली भुर्जी पक्ष्याच्या चोचीभोवती आणि छातीच्या पिसांना चिकटते, आणि पिसं चिकटली की ऊब धरून ठेवत नाहीत. म्हणजे मदत करायला जाऊन उलटंच. थंड झाली की सुरीने वाटाण्याएवढे तुकडे करा. मोठे तुकडे गिळता येत नाहीत, भुगा वाऱ्यावर उडतो.

मायक्रोवेव्हमध्ये केली तरी चालते, मध्ये दोन-तीनदा ढवळून. एका वेळी बारा अंड्यांची करून झिपच्या पिशवीत गोठवून ठेवता येते.

ताटात सगळं मांडलं, पण पक्षी ढुंकूनही बघत नाहीत. का?

कारण त्यांच्या लेखी ते अन्नच नाही. जन्मापासून त्यांनी खाल्लेला प्रत्येक घास हवेत हलत होता. पडून असलेला रातकिडा त्यांना खडा किंवा पाचोळा वाटतो. मार्टिन ताटाशेजारच्या दांडीवर बसून, ताटाकडे पाठ करून, उपाशी मरू शकतो.

म्हणून घास आधी हवेतून द्यायचा. रातकिडा पक्ष्याच्या नजरेसमोरून भिरकावला की शिकारीची उपजत ओढ जागी होते. पहिले दहा-पंधरा नुसतेच खाली पडतील. पक्षी मान वळवून त्यांचा माग काढतो का, तेवढंच बघा. मान वळली म्हणजे अर्धं काम झालं. मग एखादा झेप घेतो, चुकतो, पुन्हा घेतो. एकाने पकडला की बाकीचे बघतात आणि काही मिनिटांत तीन-चार जण सुटतात. सगळ्या वस्तीला शिकवावं लागत नाही. एक धीट पक्षी पुरतो.

झेपून खायला लागले की मग ताटाकडे वळवायचं. ताट घराच्या उंचीवर चढवा, त्यात रातकिडे पसरा आणि उडवलेले रातकिडे मुद्दाम ताटाच्या वर पडतील असे उडवा. काही ताटात पडतात, पक्षी त्यांच्या मागे ताटावर येतो, आणि तिथे आणखी आहेत हे त्याला दिसतं. भुर्जी शेवटी: रातकिड्यांत मिसळून, आधी थोडी, मग जास्त. एकदा शिकलेला पक्षी पुढच्या वर्षीही विसरत नाही. तेव्हा पहिल्याच खेपेला झेपतो.

भिरकावायचा कसा? नुसता हाताने जात नाही.

लांब दांड्याचा पांढरा प्लॅस्टिकचा चमचा घ्या. पातळ, लवणारा. दांडा मुठीत धरा, चमच्याच्या वाटीत एक रातकिडा ठेवा, दुसऱ्या हाताच्या बोटाने वाटी मागे ओढा आणि सोडा. घराच्या खांबापासून सहा ते नऊ मीटरवर, वारा पाठीवर घेऊन उभे राहा. रातकिडा पक्ष्याच्या थोडा वरून आणि समोरून, कमान करत गेला पाहिजे. थेट अंगावर मारलात तर सगळे बिथरून उडतात आणि पंधरा मिनिटं येत नाहीत. शिवाय उपाशी पक्ष्याला उगाच उडवणं म्हणजे त्याची उरलेली ताकद खर्च करणं.

वस्तीत पक्षी येण्याआधीच, वाटाणे किंवा शेंगदाणे घेऊन, रिकाम्या घरासमोर सराव करा. चमचे चार-पाच ठेवा, थंडीत प्लॅस्टिक तडकतं. नेम लागतच नसेल तर गुलेर चालते, पण हलक्या ताणाची. काही जण अर्ध्या इंची पीव्हीसी नळीतून फुंकतात. नळीचं टोक तोंडात धरण्याआधीच श्वास भरून घ्या, नळीतून ओढू नका. का ते एकदा चुकल्यावर कळतंच.

ताट कसं आणि कुठे?

साधारण दोन फूट लांब-रुंद फळी, कडेला तीन सेंटिमीटर काठ, तळाला पाणी निघायला भोकं. रंग फिका, म्हणजे तपकिरी रातकिडे उठून दिसतात. घराच्याच खांबावर किंवा शेजारच्या खांबावर कप्पी-दोरीने वरखाली करता येईल असं, जमिनीपासून किमान दहा-बारा फुटांवर. जमिनीवर ठेवलेल्या ताटाकडे मार्टिन येत नाही; मांजर येतं. झाडं आणि भिंतीपासून बारा मीटर तरी मोकळी जागा हवी, नाहीतर कूपर्स हॉक हा शिकारी पक्षी फांदीआडून टपतो. खांबाला तळाशी साप-रॅकूनसाठीचा पत्र्याचा गार्ड हवाच. खाण्याच्या वासाने रॅकून रात्री चढतात.

घराच्या खणांच्या पुढच्या ओसरीवरही थोडे रातकिडे ठेवता येतात. पण त्यासाठी घर सारखं खालीवर करू नका. दिवसातून एकदा, भर दुपारी, पटकन.

दिवसातून किती वेळा?

दोनदा. पहिली वेळ उजाडल्यावर तासाभरात, दुसरी सूर्यास्ताच्या दोन तास आधी. एकच वेळ जमणार असेल, ऑफिस असेल, तर संध्याकाळची चुकवू नका. रात्रभर जळणारं इंधन तेव्हाच भरलं जातं. वेळ रोज तीच ठेवा. तिसऱ्या दिवशी दांडीवर बसून पक्षी तुमची वाट बघताना दिसतील.

प्रत्येक खेपेला एका पक्ष्यामागे दहा-बारा रातकिड्यांनी सुरुवात करा, संपले की आणखी. रात्री ताट रिकामं करून पुसा. उरलेली भुर्जी टाकून द्या. आठवडाभर चाललं तर मध्ये एकदा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणाने धुऊन, खळबळून, कोरडं करून लावा.

चिमण्या ताट फस्त करतात. हाकलायचं कसं?

मराठी वाचकाला इथे जरा कानकोंडं होतं. जी चिमणी मुंबई-पुण्यात कमी झाली म्हणून आपण घरटी वाटतो, तीच अमेरिकेत बाहेरून आणलेली आणि मार्टिनची वैरीण. १८५१च्या सुमारास ती ब्रुकलिनमध्ये आणून सोडली. १८९०मध्ये न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये युरोपियन स्टार्लिंग सोडला. दोघेही मार्टिनचे खण बळकावतात, अंडी फोडतात.

खाण्याच्या बाबतीत उपाय साधे आहेत. ताट कायम भरलेलं ठेवू नका. तुम्ही समोर असताना वाढा, संपलं की थांबा. चिमण्या माणसाला बुजतात, शिकलेले मार्टिन कमी बुजतात. हवेतला घास चिमणीला साधत नाही, म्हणून गर्दी झाली की ताट खाली घेऊन पुन्हा चमच्यावर या. लांब कोपऱ्यात जमिनीवर बाजरी टाकून चिमण्यांना तिकडे वळवायची युक्ती करू नका. चार दिवसांत दुप्पट येतात.

घराला हीटर किंवा बल्ब लावू का?

आमचं मत: तो पैसा रातकिड्यांवर घाला. ऊब दिली तर चरबी थोडी सावकाश जळते, पण रिकाम्या पोटाचा प्रश्न तसाच राहतो. वरून ओल, उघडी वायर आणि वाळकं गवत एकत्र आलं की आगीची भीती.

बिनविजेचे उपाय मात्र आधीच करून ठेवा. प्रत्येक खणात इंचभर कोरड्या पाइनच्या सुया किंवा लाकडाचा कोरडा भुसा पसरा. वाऱ्याच्या दिशेची हवेची भोकं टेपने बंद करा. सगळी नको, दमटपणा बाहेर जायला वाट हवी. ॲल्युमिनियमची जुनी, सहा इंची खणांची घरं फार लवकर गार पडतात. खोल खण, म्हणजे सहा बाय बारा इंची, किंवा जाड भोपळे जास्त ऊबदार. भोपळ्यात पाणी शिरतं का ते पक्षी येण्याआधी तपासा. ओला बिछाना नसल्यापेक्षा वाईट.

सगळे पक्षी एकाच खणात कोंबून बसलेत. वेगळे करू?

हात घालू नका. ऊब राखण्यासाठी ते तसे बसतात आणि बहुतेकदा त्याचा फायदाच होतो. धोका आहे तो तळाशी दबलेल्यांना. दाटीत काही गुदमरतात. सकाळी उशिरापर्यंत, म्हणजे नऊ-दहा वाजले तरी कुणीच बाहेर आलं नाही, तर घर सावकाश खाली घेऊन त्या खणात डोकावा. हालचाल असेल तर तपासणीचं झाकण लावून परत वर. मेलेले असतील तर काढा: हातमोजे घालून, पिशवीत बांधून. मेलेल्यांमागे जिवंत पक्षी अडकलेला असू शकतो, म्हणून शेवटपर्यंत बघा. खणातला बिछाना बदला आणि साबणाने हात धुवा.

जमिनीवर पडलेला, न उडणारा मार्टिन सापडला तर?

पुठ्ठ्याच्या खोक्याला पेन्सिलीएवढी सात-आठ भोकं पाडा, तळाला टिश्यू पेपर पसरा (टॉवेल नको, दोऱ्यात नखं अडकतात), पक्षी आत ठेवा, झाकण लावा. खोकं उबदार, अंधाऱ्या, शांत खोलीत ठेवा. हीटिंग पॅड असेल तर सर्वांत कमी आचेवर, खोक्याच्या फक्त अर्ध्या भागाखाली, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येतं. चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेत जातं आणि पक्षी तिथेच संपतो. मुलांना दाखवायला सारखं झाकण उघडू नका.

मग जवळच्या परवानाधारक वाइल्डलाइफ रिहॅबला, म्हणजे जखमी-आजारी रानप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्या केंद्राला, फोन करा आणि पक्षी तिकडे पोहोचवा. १९१८च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी ॲक्ट या स्थलांतरित पक्ष्यांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार मार्टिन परवान्याशिवाय घरात पाळता येत नाही, हेतू कितीही चांगला असो. फोन नंबर थंडीआधीच शोधून फ्रिजवर चिकटवा.

प्यायला पाणी ठेवू?

गरज नाही. मार्टिन तळ्यावरून उडता उडता पाणी उचलतो. ताटात वाटी ठेवली तर सांडून सगळं गोठतं.

आमचं घर शाकाहारी आहे. फ्रीजरमध्ये किडे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. याच कारणाने तयारी राहून जाते. घट्ट झाकणाचा वेगळा डबा करा, वर मोठ्या अक्षरांत लिहा आणि गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये किंवा छोट्या वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवा. वितळवणं, मोजणं, सगळं गॅरेजमध्येच. चमचे आणि तवा वेगळा. अंडीही घरात नको असतील तर निव्वळ रातकिड्यांवर चालवता येतं, साठा दुप्पट करा. आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर डब्याची कल्पना आधी द्या. मटार समजून उघडला तर दोन्ही बाजूंना त्रास.

असं खायला घालून पक्षी आळशी होतात का?

नाही. आकाशात किडे उडायला लागले की मार्टिन तुमच्या ताटाकडे पाठ फिरवतो. हवेतली शिकार त्याला जास्त आवडते, ताट ही त्याच्या दृष्टीने नाइलाजाची पंगत.

थांबायचं कधी?

पारा पंचावन्नच्या वर गेला, ऊन पडलं आणि पक्षी सकाळीच उडून दुपारभर परतले नाहीत, की थांबा. लाट ओसरल्यावरचा पहिला दिवस फसवा असतो: हवा उबदार, पण जमीन आणि पाणी गार, किडे अजून वर आलेले नसतात. त्या दिवशी सकाळची एक खेप द्या.

घर आत्ताच लावलंय, अजून एकही मार्टिन आला नाही. दारं उघडी ठेवू?

बंद ठेवा. आधी उघडलीत तर चिमण्या भाडेकरू होतील. परिसरात मार्टिन दिसल्यावर दोन-चार खण उघडा, थंडी येणार असेल तर उघडलेल्या प्रत्येकात कोरडा बिछाना आहे ना ते बघा. खांब लावण्याआधी तुमच्या वसाहतीच्या असोसिएशनचे नियमही वाचून घ्या. बारा-पंधरा फुटी खांबावरून शेजाऱ्यांशी होणारा वाद फेब्रुवारीच्या थंडीत नको.

थंडी संपली. आता काळजी मिटली?

मेअखेर आणि जूनमधली सलग झड तेवढीच वाईट, कारण तेव्हा खणात पिलं असतात. जून १९७२मध्ये अ‍ॅग्नेस वादळाच्या पावसाने पेनसिल्व्हेनिया आणि आसपासच्या भागातल्या मार्टिनच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. वसंतात ताटावर खायला शिकलेले आईबाप जूनच्या पावसात तिथूनच रातकिडे आणि भुर्जी उचलून पिलांना भरवतात. पिलांसाठी रातकिडे लहान, अर्धा इंची घ्या, पाय काढून टाका. अंड्यांची टरफलंही तेव्हा कामाला येतात: २५० फॅरनहाइटला (१२० सेल्सियस) दहा-पंधरा मिनिटं भाजायची, मुगाच्या दाण्याएवढी चुरायची आणि ताटाच्या कोपऱ्यात ठेवायची. अंडी घालणाऱ्या माद्या आणि पिलं भरवणाऱ्या जोड्या ती आवडीने उचलतात.

पुढच्या वर्षासाठी काय लिहून ठेवायचं?

पहिला पक्षी दिसल्याची तारीख, सर्वोच्च पारा पन्नासच्या खाली राहिलेले दिवस, पहिला घास कितव्या दिवशी घेतला, एकूण किती रातकिडे आणि अंडी लागली, आणि कुठल्या खणात दाटी झाली. पुढच्या डिसेंबरात मागणी नोंदवताना याच वहीतला आकडा बघायचा.